जन्मतःच भरलेला व्रण

बालकाचे जावळ काढण्याचा दिवस म्हणजे घरातला एक लहानसा सणच. मामाच्या मांडीवर मूल बसविलेले असते, पुढ्यात रांगोळी रेखलेली असते, मूल रडून आकांत करीत असते आणि आजी खुळखुळा वाजवून त्याचे लक्ष दुसरीकडे वेधू पाहत असते. अशा वेळी न्हाव्याचा हात मध्येच थांबतो. टाळूच्या थोडे मागे, भोवऱ्यापाशी, रुपयाएवढी केस नसलेली जागा त्याला दिसते. तेथली कातडी कागदासारखी पातळ आणि चकचकीत असते, जणू फार दिवसांपूर्वी तेथे भाजले असावे. न्हावी म्हणतो, ‘माझा वस्तरा लागलेला नाही, हे आधीचेच आहे.’ मग घरात तर्क सुरू होतात. कोणी म्हणते चाई, कोणी म्हणते गजकर्ण. कोणाला बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांनी लावलेला चिमटा आठवतो, कोणाला न्हाऊ घालणाऱ्या बाईचे दांडगे हात आठवतात. आणि एखादी वडीलधारी स्त्री सुनेकडे वळून विचारते, ‘ग्रहणात तू विळीला हात तर लावला नव्हतास ना?’

यांपैकी बहुतेक तर्कांत एक आरोपी दडलेला आहे. न्हावी, डॉक्टर, सुईण किंवा आई. मुलाच्या अंगावरील खूण पाहून ‘हे कोणी केले?’ असे विचारण्याची मनुष्याची खोड फार जुनी आहे आणि वैद्यकालाही ती होतीच. ‘हे केव्हा घडले?’ आणि ‘हे किती खोल गेले आहे?’ असे दोन प्रश्न विचारावयास वैद्यक शिकले ते गेल्या दोन-अडीचशे वर्षांत. आणि तेही अडखळत, काही बालकांचे प्राण गमावून व काही निरपराध माणसांच्या माथी दोष मारून. त्या शिकण्याची हकीकत आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

आपल्याकडील जुन्या ग्रंथांत या विषयाचा मागमूस नाही, असे मात्र नव्हे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, उत्तरस्थानाच्या तेविसाव्या अध्यायात, डोक्याचे रोग सांगितलेले आहेत. त्यांत मस्तकशूळासारख्या रोगांचा विचार झाल्यावर कपालाचे, म्हणजे डोक्याच्या बाहेरील अंगाचे, नऊ रोग वेगळे मोजले आहेत. टक्कल, पिकलेले केस, कोंडा, चाई ही आपल्या परिचयाची मंडळी त्यांतच येतात. परंतु या नऊंमधील एक रोग या सर्वांहून निराळा आहे. त्याचे नाव उपशीर्षक. मूल गर्भात असतानाच वायू बिघडल्यामुळे त्याच्या डोक्यावर सूज येते. तिचा रंग भोवतालच्या कातडीसारखाच असतो आणि ती दुखत नाही, अशी वाग्भटाने तिची ओळख दिली आहे. उपचाराच्या अध्यायात तो म्हणतो की, सूज नवी असेल तर वातरोगावरचे उपाय करावेत आणि ती पिकली तरच विद्रधीप्रमाणे, म्हणजे गळवाप्रमाणे, वागावे. न पिकलेल्या सुजेला शस्त्र लावू नये, हाच त्याचा सरळ अर्थ होय. हा ग्रंथ १८८० मध्ये मुंबईत डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी छापून प्रसिद्ध केला, तेव्हा तो पाश्चात्य विद्या शिकलेल्या डॉक्टरांच्याही हाती आला. उपशीर्षक म्हणजे आजच्या भाषेत नेमके काय, याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. कोणी त्यात प्रसूतीच्या वेळी येणारी साधी सूज पाहतात, तर कोणी हाडावर साकळलेले रक्त. वायूची उपपत्ती आज कोणी स्वीकारणार नाही. पण रंग आणि वेदना या दोन गोष्टी पाहून निदान करावे आणि दोष सुइणीला न देता गर्भाशयातील काळाकडे बोट दाखवावे, ही दृष्टी त्या जुन्या वैद्याला होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

युरोपातही ग्रहणाच्या विळीचे भाऊबंद होते. गर्भवतीने काही भयंकर पाहिले किंवा तिच्या मनात काही भरले, की त्याचा ठसा मुलाच्या कातडीवर उमटतो, असे तेथील मोठमोठे पंडित मानीत. १७२७ मध्ये लंडनमधील जेम्स ब्लाँडेल या वैद्याने या समजुतीविरुद्ध पुस्तकच लिहिले. त्यावर मोठा वाद झाला. ब्लाँडेलचे म्हणणे साधे होते. आईचे मन आणि मुलाची कातडी यांना जोडणारी वाट कोणी दाखवावी, मग बोलावे. वाट कोणी दाखविली नाही, पण समजूत पुढे शंभर वर्षे टिकली. समजुतींचे आयुष्य पुराव्यांपेक्षा नेहमीच मोठे असते!

मग १७६७ साल उजाडले. त्या वर्षी फ्रान्समधील एका वैद्यकीय नियतकालिकात कोर्दाँ नावाच्या वैद्याच्या पत्राचा सारांश छापून आला. एकाच आईची तीन मुले हातापायांच्या काही भागांवर कातडी नसलेल्या स्थितीत जन्मली होती. लेख छोटासाच आहे. पण जन्मतः कातडी नसण्याच्या विकाराची वैद्यकातील पहिली नोंद म्हणून आज त्याचाच दाखला देतात. या विकाराला पुढे लॅटिनमध्ये ‘ॲप्लेशिया क्यूटिस कंजेनिटा’ असे भारदस्त नाव मिळाले. त्याचा अर्थ एवढाच की, कातडी जन्मतःच घडलेली नाही. तीन भावंडे आणि तीच तक्रार, यावरूनच एखाद्या चाणाक्ष वाचकाने ताडावयास हवे होते की, येथे सुइणीच्या नखांचा संबंध नाही; काही तरी घराण्यात आहे. परंतु तो तर्क पुढे येण्यास पावणेदोनशे वर्षे जावयाची होती.

डोक्यावरील अशा व्रणाची पहिली नोंद १८२६ ची. एडिंबरोच्या एका वैद्यकीय नियतकालिकात कॅम्पबेल यांनी ती छापली. तिचा मथळाच सारी शोककथा सांगतो. अर्भकाच्या कवटीवरील जन्मजात व्रण, ज्याचा शेवट जन्मानंतर अठराव्या दिवशी प्राणघातक रक्तस्रावात झाला. अठरा दिवस! तोपर्यंत मूल जगले होते. आता हे कसे घडते ते आपल्याला कळते. बहुतेक मुलांत हा व्रण लहान, नखाएवढा किंवा रुपयाएवढा असतो आणि आपोआप भरून येतो. पण काहींत तो तळहाताएवढा असतो आणि शंभरांपैकी पंधरा ते तीस मुलांत त्याच्या खालचे हाडही घडलेले नसते. कवटीच्या मध्यरेषेखालून पुढून मागे एक मोठी नीला जाते. मेंदूतील रक्त तिच्यातून परत फिरते. वरची कातडी नाही, हाड नाही, आणि या नीलेवर केवळ एक पातळ पापुद्रा आहे, अशी स्थिती असली म्हणजे तो पापुद्रा वाळून त्याची खपली होते, खपली तडकते, आणि तिच्याबरोबर नीलाही फाटते. म्हणूनच असा मोठा व्रण कधीही कोरडा पडू द्यावयाचा नाही, तो ओलसर पट्टीखाली ठेवावयाचा, हा आजचा नियम आहे. जखमेला वारा लागू द्यावा, ती सुकू द्यावी, ही घराघरांतली शिकवण येथे नेमकी उलटी ठरते.

आता आरोपीच्या गोष्टीकडे वळू. प्रसूतीचा चिमटा हे उपकरण इंग्लंडमधील चेंबरलेन घराण्याने शंभर वर्षांहून अधिक काळ गुप्त ठेवले होते. पुढे १८१३ मध्ये एसेक्स परगण्यात त्यांच्या जुन्या घरातील फळ्यांखाली लपविलेले मूळ चिमटे सापडले. तोवर चिमटा सर्वत्र रूढ झाला होता. चिमट्याने मुले वाचली हे खरे, आणि चिमट्याने मुलांना इजाही झाल्या हेही तितकेच खरे. त्यामुळे नवजात मुलाच्या डोक्यावर जखम दिसली, की संशय प्रथम चिमट्याकडे आणि तो धरणाऱ्या हाताकडे जाई. जेथे चिमटा लावलाच नव्हता, तेथे सुईण होतीच. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रसूतीच्या वेळी मुलाच्या हृदयाचे ठोके मोजण्यासाठी त्याच्या डोक्याच्या कातडीला बारीक तार टोचण्याची पद्धत निघाली, तेव्हा आरोपींच्या यादीत त्या तारेचीही भर पडली. जखम तारेने झाली की ती आधीचीच होती, असा प्रश्न कितीदा तरी उभा राहिला आहे.

येथे निदान म्हणजे नुसते नाव देणे नव्हे, तर एखाद्याची निर्दोषता ठरविणे असते. ती कशी ठरवावी? पाहणाऱ्याने तीन गोष्टी पाहावयाच्या असतात. चिमट्याची पाती डोक्याच्या दोन्ही बाजूंना, कानागालांवर बसतात. जन्मजात व्रण बहुधा माथ्यावर, भोवऱ्याच्या आसपास असतो. चिमट्याच्या जखमेभोवती कातडी काळीनिळी पडते आणि सुजते. जन्मजात व्रणाची कड मात्र साच्याने कापावी तशी स्वच्छ असते आणि भोवतालची कातडी निरोगी असते. तिसरी गोष्ट सर्वांत निर्णायक. पुष्कळ मुलांत हा व्रण जन्माच्या वेळीच भरून आलेला असतो. जागा केसांवाचून असते, वण चकचकीत असतो, पण जखम नसते. जी जखम मूल जन्मण्यापूर्वीच बरी झाली, ती जन्माच्या वेळी कोणी केली असणार? एखाद्या वकिलाला याहून उत्तम साक्ष मिळणे कठीण. तरीही ही साक्ष कित्येक वर्षे कोणी काढली नाही, कारण प्रश्नच विचारला गेला नव्हता.

‘केव्हा’ या प्रश्नाला अधिक नेमके उत्तर देणारा साक्षीदार पुढे एका अनपेक्षित ठिकाणी सापडला, तो म्हणजे केसांत. अमेरिकेतील डेव्हिड स्मिथ आणि ब्रॅडली गाँग यांनी १९७३ च्या सुमारास डोक्यावरील केसांच्या भोवऱ्याचा अभ्यास केला. गर्भाच्या दहाव्या ते सोळाव्या आठवड्यांत केसांची मुळे कातडीत खाली उतरतात. त्याच काळात खालचा मेंदू झपाट्याने वाढत असतो आणि वरची कातडी ताणली जात असते. या ताणाप्रमाणे केसांची मुळे कलतात आणि केसांची दिशा कायमची ठरते. भोवरा हा त्या ताणाचा केंद्रबिंदू होय. आपल्या आयाबाया मुलाच्या डोक्यावरचे भोवरे मोजून त्याचे भविष्य सांगतात. भविष्य नव्हे, पण भूतकाळ मात्र भोवरा खरोखरच सांगतो! केस नसलेल्या जागेभोवती केसांचा कल विस्कटलेला दिसला, तर तो बिघाड केसांची दिशा ठरण्यापूर्वीचा, म्हणजे गर्भाच्या चौथ्या महिन्याच्या आतला, असे अनुमान निघते. माथ्यावरच हे व्रण अधिक का असतात, याचाही उलगडा काही अभ्यासकांनी या ताणानेच केला आहे. जेथे ओढ सर्वाधिक, तेथे कातडी कमी पडते. पण सर्वच व्रणांना ही एकच उपपत्ती लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे.

कारण कोर्दाँच्या तीन भावंडांनी सुचविलेला तर्क अखेर पुढे आला. १९४५ मध्ये फॉरेस्ट ॲडम्स आणि क्लॅरेन्स ऑलिव्हर यांनी एकाच कुटुंबातील अनेक जणांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांत माथ्यावर कातडीचा अभाव आणि हातापायांच्या बोटांत न्यूनता, या दोन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या बरोबर चालत आलेल्या होत्या. या विकाराला आता त्या दोघांचेच नाव आहे आणि त्याला कारण होणारी सहा जनुके २०११ पासून पुढच्या काही वर्षांत ओळखली गेली. त्यांतील कित्येकांचा संबंध गर्भातील रक्तवाहिन्यांच्या घडणीशी आहे. १९६० मध्ये क्लाउस पाटाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेरावे गुणसूत्र दोनाऐवजी तीनदा असलेल्या बालकाचे वर्णन केले. अशा मुलांच्या माथ्याच्या मागील भागी असे व्रण पुष्कळदा आढळतात. म्हणजे माथ्यावरील एक व्रण पाहिल्यावर वैद्याने मुलाची बोटे पाहिली पाहिजेत, हृदय ऐकले पाहिजे, आणि आईबापांच्या डोक्यावरूनही एकदा हात फिरविला पाहिजे. कित्येकदा बापाच्या दाट केसांखाली तसाच जुना वण सापडतो आणि त्या बापाला आयुष्यभर सांगण्यात आलेले असते की, तू लहानपणी पाळण्यातून पडला होतास.

यात औषधाचाही एक धागा आहे. गळ्यातील अवटू ग्रंथी फार जोराने काम करू लागली, तर तिला आवर घालण्यासाठी मेथिमाझोल नावाचे औषध देतात. ते गरोदरपणी घेतलेल्या काही मातांच्या मुलांत माथ्यावर असे व्रण आढळल्याचे अमेरिकेतील मिलहॅम आणि एलेज यांनी १९७२ मध्ये दाखविले. या शंकेला १९९२ मध्ये स्पेनमधून विलक्षण पुष्टी आली. तेथे गुरांचे वजन लवकर वाढावे म्हणून त्यांच्या खाद्यात हे औषध बेकायदा मिसळले जात होते, आणि जेथे हा प्रकार चाले तेथे अशा मुलांचे प्रमाण वाढलेले दिसले. मांस खाल्लेल्या स्त्रियांपर्यंत औषध पोहोचले असावे, असा संशय मार्टिनेझ-फ्रियास यांनी मांडला. आज गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत डॉक्टर शक्यतो दुसरे औषध निवडतात. पण कोणी ऐकीव माहितीवर हे औषध आपण होऊन बंद करू नये. ग्रंथी अनावर झाली तर आई आणि गर्भ दोघांनाही धोका असतो. आणि येथे पुन्हा आईच आरोपी झाली, असेही समजू नये. हे व्रण दहा हजार जन्मांमागे एक ते तीन इतकेच आढळतात, आणि त्यांतील बहुतेकांच्या मातांनी असले काहीही घेतलेले नसते.

आतापर्यंत मी उणिवेविषयी बोललो. आता उंचवट्यांकडे येऊ, कारण ‘किती खोल’ हा प्रश्न वैद्यकाने तेथेच शिकला. १८२२ मध्ये हायडलबर्ग येथे नेगेले आणि त्याचा शिष्य झेलर यांनी नवजात मुलाच्या कवटीवर साकळणाऱ्या रक्ताच्या गाठीचे नीट वर्णन केले. प्रसूतीच्या वेळी येणारी साधी सूज मऊ असते, तिच्यावर बोट दाबले तर खळगा पडतो, ती डोक्यावर वाटेल तशी पसरते आणि दोन-तीन दिवसांत ओसरते. रक्ताची गाठ मात्र हाड आणि त्यावरचे पातळ आवरण यांमध्ये असते. ते आवरण हाडांच्या शिवणीपाशी घट्ट चिकटलेले असल्यामुळे गाठ कधीही शिवण ओलांडत नाही. एकाच हाडाच्या सीमेत ती राहते. बोटांनी शिवण चाचपडली की निदान झाले. यंत्र नको, शस्त्र नको. ही गाठ काही आठवड्यांत जिरते. तिच्यात सुई घालून रक्त काढण्याचा मोह झाला तर मात्र बाहेरचे विष आत शिरते आणि पू होतो. वाग्भटाने न पिकलेल्या सुजेला हात लावू नये म्हटले, ते येथे शब्दशः लागू आहे.

पुढे १८५० मध्ये जर्मन शल्यविशारद लुई स्ट्रोमायर याने माथ्यावरील एका निराळ्या मऊ फुगवट्याला नाव दिले. मूल उभे धरले की हा फुगवटा नाहीसा होतो. डोके खाली केले किंवा मूल रडले की भरतो. त्यात आतल्या मोठ्या नीलेचेच रक्त असते. हाडातील बारीक छिद्रांतून ते बाहेर येते आणि परत जाते. नुसती साधी गाठ समजून एखाद्या शल्यविशारदाने ती कापली तर काय होईल, हे सांगावयास नको. तिसरा प्रकार याहूनही गंभीर. कवटीत भोक राहून त्यातून मेंदूचे आवरण, किंवा मेंदूचा भागच, कातडीखाली डोकावतो. हाही रडताना ताणला जातो, क्वचित नाडीबरोबर उडतो. म्हणून जुने अनुभवी वैद्य मुलाच्या डोक्यावरील गाठीवर बोट ठेवून मूल रडण्याची वाट पाहत बसत. रडणाऱ्या मुलाला गप्प करण्याची घाई सर्वांना असते. निदानासाठी त्याचे रडणे हवे असणारा माणूस विरळाच.

उंचवट्याइतकाच खळगाही फसवा असतो. डोक्याच्या मागील बाजूस, मानेच्या वर, अगदी मध्यरेषेवर, टाचणीच्या टोकाएवढे भोक केसांत लपलेले असते. त्यातून कधी एखादा केस बाहेर येतो, कधी पांढरट मळ येतो. आई तो दाबून काढते. पुढे एक दिवस मुलाला मेंदूच्या आवरणाचा दाह होतो. औषधाने तो बरा होतो. काही महिन्यांनी पुन्हा होतो. कारण शोधीत सर्व कान, नाक, घसा पाहतात आणि डोक्याच्या मागे कोणी पाहत नाही. १९५२ मध्ये लंडनमधील व्हॅलेंटाइन लोग आणि केनेथ टिल यांनी अशी मुले एकत्र करून दाखविले की, ते भोक म्हणजे कातडीची एक नळी असते आणि ती हाडातून आत, लहान मेंदूपाशी असलेल्या गाठीपर्यंत गेलेली असू शकते. त्याच वाटेने जंतू आत शिरतात. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात मेंदूची नळी मिटताना बाहेरची कातडी तिच्यापासून नीट सुटली नाही, त्याचा हा अवशेष. एक जन्मजात दोष किती लहान असावा आणि किती खोल जावा, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

याउलट खोल न जाणाऱ्या एका खुणेने वैद्यकाला भलतेच घाबरविले. १८९५ मध्ये योसेफ याडासोन याने वर्णिलेली ही पिवळसर, मेणचट, केसविरहित पट्टी जन्मतः डोक्यावर असते. बालपणी ती सपाट असते आणि वयात येताना जाड व खडबडीत होते. तिच्या या तीन अवस्था १९६५ मध्ये मेहरेगन आणि पिंकस यांनी नीट मांडल्या. पुढे त्या जागी कर्करोग होतो अशी भीती बळावली आणि वयात येण्यापूर्वीच ती कापून काढावी, असा प्रघात पडला. शेकडो मुलांच्या डोक्यावर शस्त्रक्रिया झाल्या. इ. स. २००० मध्ये फ्रान्समधील क्रिबिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ५९६ पट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा तपासल्या. कर्करोग म्हणून पूर्वी गणल्या गेलेल्या कित्येक गाठी प्रत्यक्षात निरुपद्रवी निघाल्या. खरा कर्करोग शंभरांत एकाहूनही कमी होता. आता घाई कोणी करीत नाही. पट्टी काढावी की नाही, हे मूल मोठे झाल्यावर त्याच्याशीही बोलून ठरविता येते. नाव चुकीचे दिले की शस्त्रही चुकीचे चालते, एवढे मात्र या प्रकरणावरून दिसले.

आपण ज्या केसविरहित जागेपासून आरंभ केला, तिच्याकडे परत येऊ. १९८६ मध्ये सॅनफ्रान्सिस्कोच्या डॉ. इलोना फ्रीडेन यांनी जन्मजात कातडी-अभावाच्या साऱ्या विखुरलेल्या हकीकती गोळा करून त्यांचे नऊ गट पाडले. तेव्हापासून हा एकच रोग नसून अनेक कारणांचा एकसारखा दिसणारा शेवट आहे, हे मान्य झाले. तीन वर्षांनी, १९८९ मध्ये, सिडनीच्या कॉमेन्स, रॉजर्स आणि कॅन यांनी एक साधी पण मोलाची खूण सांगितली. काही मुलांत केस नसलेल्या जागेभोवती लांब, काळ्या, राठ केसांचे वर्तुळ असते. जणू त्या जागेला केसांची झालर लावली आहे. त्यांनी पाहिलेल्या मुलांत त्या टकलाखाली कवटीबाहेर पडलेली मेंदूची ऊती सापडली. १९९५ मध्ये ड्रोले आणि सहकाऱ्यांनी आणखी मुले तपासून सांगितले की, ही केसांची झालर कवटीच्या अपुऱ्या मिटण्याची सूचना देते. अशा प्रत्येक मुलात आत काही असतेच असे नाही. पण आत काही नाही हे पाहिल्यावाचून तेथे सुई किंवा सुरी लावावयाची नाही, हा नियम आता सर्वमान्य झाला आहे. त्यापूर्वी ‘एक लहानसा तुकडा काढून तपासू’ असे सहज म्हटले जाई. आणि तो तुकडा कधी कधी मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचे.

आत पाहण्याची साधनेही याच काळात आली. राँटगेनचे क्ष-किरण १८९५ पासून हाडातील भोक दाखवू लागले, पण त्या भोकातून काय बाहेर आले आहे ते त्यांना दिसत नसे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ले रुग्णालयात हाउन्सफील्डच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे आडवे छेद टिपले. पुढे चुंबकीय प्रतिमा आल्या, आणि मेंदूपासून कातडीपर्यंत जाणारा बारीक धागाही दिसू लागला. तान्ह्या मुलांत तर टाळू उघडी असते. निसर्गाने ठेवलेल्या त्या खिडकीतून सोनोग्राफीने किरणांचा त्रास न देता आत डोकावता येते. तरी कोणाला आत पाहावयाचे, हे आजही बाहेरूनच ठरते. जागा मध्यरेषेवर आहे का, तिच्याभोवती केसांची झालर आहे का, रडताना ती फुगते का, तिच्यात भोक आहे का, तिच्यावर लालसर डाग आहे का, ही उत्तरे यंत्र देत नाही. चांगल्या उजेडात बसलेला माणूस देतो. यांपैकी काही नसेल आणि व्रण लहान असेल, तर काही आठवड्यांत तो भरतो, वण राहतो, मूल वाढले की वणही थोडा वाढतो, आणि केसांखाली झाकला जातो.

आणि म्हणूनच जावळाचा उल्लेख मी आरंभी केला तो केवळ देखावा म्हणून नव्हे. न्हाव्याचा वस्तरा ज्या क्षणी ती केस नसलेली जागा उघडी करतो, त्याच क्षणी तो तिच्याभोवतालची केसांची झालरही काढून टाकतो. म्हणजे वैद्याला जी सर्वांत मोलाची खूण हवी असते तीच पाटावर गळून पडते आणि इतर जावळाबरोबर कणकेच्या गोळ्यात जाते. पुन्हा केस येतात, पण ते कधी तसे येतात, कधी येत नाहीत. तेव्हा न्हाव्याला बोलावण्यापूर्वी एखाद्या सकाळी, खिडकीपाशी, मुलाच्या डोक्यावरील केस दोन्ही हातांनी बाजूला सारून माथा, भोवरा आणि मानेवरचा भाग नीट पाहावा. काही दिसले तर त्याचे छायाचित्र काढून ठेवावे, मूल रडेल तेव्हा त्या जागेवर एकदा हलकेच बोट ठेवावे, आणि जावळ चार दिवस पुढे ढकलून मुलाला डॉक्टरांकडे न्यावे. मुहूर्त दुसराही मिळतो.